वायर काढणारा घुम्या

घुम्या गेला त्या दिवशी सकाळी ताईनं त्याला दारातच अडवलं होतं. डॉक्टरनं पंधरा दिवस घरी बसायला सांगितलेलं, त्यातले चारच झालेले, आणि हा बूट घालून तयार.

"कुठं निघालास?"

"ऑफिसला."

"आग लागलीय का ऑफिसला?"

"नाही."

"मग काढ बूट."

"ताई, आजचा दिवस फक्त. उद्यापासून झोपून राहतो."

एवढं बोलला म्हणजे खूपच बोलला. चार वर्षांचा असताना याचं बोट दारात सापडलं होतं, तर हा रडला नाही की ओरडला नाही, कुणीतरी येऊन दार उघडेल म्हणून तसाच उभा. कुणीतरी म्हणजे ताईच. तेव्हापासून घुम्या. शेहेचाळीस वर्षांचा झाला, केस पांढरे झाले, तरी घुम्याच. लग्न झालं नाही, कारण लग्नात निदान हो तरी म्हणावं लागतं. ताईच्या लाँड्रीच्या वर दोन खोल्या, त्यातली एक ताईची आणि दाजींची, एक याची.

गेला शेवटी. ताई खाली दुकानात आली, इस्त्री तापत घातली, आणि दहा वाजता कशाला तरी वर गेली तर गोळ्यांचं पाकीट टेबलावर तसंच. पाण्याचा पेला भरलेला, पाकीट शेजारी, आणि माणूस गायब. असा मेला हुशार. कॉम्प्युटरच्या पोटात काय चाललंय ते कळतं, स्वतःच्या पोटात गोळी गेली की नाही ते कळत नाही. ताईनं दाजींना सांगितलं, "काउंटर सांभाळा, आणि त्या डॉक्टरीणबाईचा कोट जाळू नका," आणि पाकीट घेऊन निघाली.

आता घुम्या काय काम करायचा ते सांगायला पाहिजे, कारण शेजारपाजारी अजून कुणाला माहीत नाही. ड्रायव्हर लिहायचा. चालवायचा नाही, लिहायचा. कॉम्प्युटरमध्ये चित्र दाखवायला एक वेगळं कार्ड असतं, ग्राफिक्स कार्ड. त्या कार्डाला आणि कॉम्प्युटरला एकमेकांची भाषा येत नाही, मग मध्ये एक बोलणारा लागतो, तो ड्रायव्हर. तो राहतो कर्नलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी तळघरात. तिथं चूक झाली की वरचं सगळं घर बसतं. अठरा वर्षं हा तळघरात काम करत होता आणि वर कुणाला पत्ता नाही. याच्या ऑफिसातली माणसं बोगद्यांच्या कंट्रोल रूमचे मोठाले पडदे बनवायची. बोगद्यात धूर झाला, गाडी बंद पडली, हवा कोंडली, तर त्या पडद्यावर दिसणार. असं महत्त्वाचं काम. आणि पगारवाढीच्या वेळी म्हणे, तुमचं काम दिसत नाही. अरे, दिसलं म्हणजे बिघडलं ना!

तर या पडद्यात एक खोड निघाली होती. चालू असताना पडद्याच्या कार्डाची वायर काढली आणि परत लावली, की कधीतरी सगळं मशीन ठार. दर वेळी नाही. शंभरात दोनदा तीनदा. घुम्या महिनाभर त्याच्या मागे होता. जेवताना घास हातात आणि डोळे भिंतीवर. एकदा ताईनं ताटच ओढून घेतलं तेव्हा बोलला.

"ताई, समज तू दुकान बंद केलंस."

"तोंड सांभाळून बोल."

"समज गं. दुकान बंद केलंस, पण लोकांच्या हातात पावत्या आहेत. त्यांचे कपडे तुला टाकून देता येतील का?"

"कसे टाकीन? पावती आहे तोपर्यंत कपडा ठेवायचा. शेवटची पावती परत आली की मग कुलूप."

"मी टाकत होतो," घुम्या म्हणाला.

झालं होतं असं. कर्नलमध्ये एक आयती सोय आहे. वस्तू मागताना सांगून ठेवायचं, की हे कार्ड निघून गेलं की माझं सगळं सामान तूच आवर. मग आपल्याला काही लक्षात ठेवायला नको. नऊ वर्षांपूर्वी घुम्यानं पडद्याची मेमरी अशीच त्या सोयीवर सोपवली होती. पण कार्ड गेलं म्हणजे काम संपलं असं थोडंच आहे? वर जो प्रोग्राम चित्र काढत बसलेला असतो, त्याच्या हातात पावती असतेच. त्याला कुणी सांगितलेलंच नाही. तो आपला चित्र काढतोय, आणि खालून सामान आवरून नेलेलं. पाय टाकायला जातो तर जमीन नाही. चूक घुम्याची, आणि चुकीच्या खाली नाव घुम्याचं. त्यांच्या धंद्यात रीतच आहे तशी. कोणी काही बदललं की त्या बदलाच्या खाली स्वतःचं नाव लिहायचं, म्हणजे हे मी केलं आणि याला जबाबदार मी. दुसऱ्याचं नाव दुसऱ्यानं लिहायचं नाही. आणि ते कागद जगभर उघडे, कुणीही वाचावेत. तर याला ती चूक स्वतःच्या नावानं दुरुस्त करायची होती. बास, एवढीच इच्छा. लोकांना बंगला पाहिजे असतो, याला एक ओळ पाहिजे होती.

ताई ऑफिसात पोचली. चौथा मजला, काचेचं दार, आत काचेच्या खोल्या, सगळं आरपार दिसतं आणि ऐकू काही येत नाही. दारातल्या बाईनं विचारलं, अपॉइंटमेंट आहे का? ताई म्हणाली, "गोळी आहे." तेवढ्यात घुम्याच्या हाताखालची एक उंच मुलगी आली, ताई तिला उंचाडी म्हणायची, ती कधीमधी कागद द्यायला दुकानात यायची. तिनं ताईला आत नेलं.

आत बघते तर काय, घुम्या स्टुलावर बसून एक वायर काढतोय आणि लावतोय. काढली, पडदा काळा. लावली, पडद्यावर बोगद्याचं चित्र. कागदावर एक रेघ. परत काढली. एवढं शिकवलं, आईनं दागिने मोडून शिकवलं, ते यासाठी?

"हे काय चाललंय?"

"पाचशे वेळा करायचंय. चारशे एकसष्ट झाले."

"गोळी घे आधी."

घेतली. ताईनं समोर उभं राहून घ्यायला लावली, तोंड उघडायला लावून बघितली. तेवढ्यात आला कॉलरसाहेब.

हा घुम्याचा साहेब. नाव काय असेल ते असो. ताई तीस वर्षं लोकांचे कपडे धुतेय, माणसाची कॉलर आतून बघितली की तिला माणूस कळतो. या साहेबाचे शर्ट तिच्याकडेच यायचे. बाहेरून पांढरा दूध आणि कॉलर आतून काळी, आणि खिशात नेहमी दुसऱ्याचं पेन. ताईकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. कपडे देताना काउंटरवर बघायचा ते पावतीकडेच, त्यामुळे ओळखायचा प्रश्नच नव्हता.

"काय ठरलं मग?" साहेब म्हणाला. "सोमवारी माल जायचाय. तुझा हा बदल दोनशे ओळींचा आहे. बाहेरचे लोक तो तीन आठवडे चघळणार."

बाहेरचे लोक म्हणजे कर्नलचे राखणदार. जगभर पसरलेली माणसं, प्रत्येक बदल वाचून बघतात आणि पटला तरच आत घेतात.

घुम्या कागदावरच्या रेघा मोजत होता.

"मी सांगतो तसं कर. चार ओळी. मेमरी सोडायचीच नाही. सोडलीच नाही तर मशीन मरायचा प्रश्नच नाही."

"साठत जाईल," घुम्या म्हणाला.

"साठू दे. दोन-तीन आठवडे लागतील भरायला. लोक रीस्टार्ट करतील."

"बोगद्याचा पडदा आहे."

"मग? रीस्टार्टला दोन मिनिटं लागतात. तू फक्त चार ओळी तुझ्या नावानं पाठव. तुझं नाव बघितलं की ते लोक फार विचारत नाहीत."

घुम्यानं वायर काढली, लावली, कागदावर रेघ मारली. हेच त्याचं उत्तर. साहेब मनगटावरचं घड्याळ बघत निघून गेला, ज्यांना कुठं जायचं नसतं तेच असं घड्याळ बघत जातात.

"याला एक तरी शब्द बोलायचास!" ताई म्हणाली. "नाही म्हण. सरळ नाही म्हण. जीभ भाड्यानं दिलीयेस का?"

"हात दुखतोय," घुम्या म्हणाला. डावा हात चोळत होता.

"दुखणारच. दिवसभर वायरी उपटायच्या म्हटल्यावर. दे इकडे."

आणि ताई बसली स्टुलावर. घुम्या शेजारी खुर्चीत, पडद्याकडे बघत. तो म्हणायचा काढ, ही काढायची. तो म्हणायचा लाव, ही लावायची. उंचाडी रेघा मारत होती. ताई मनात म्हणत होती, काय ही मेली नोकरी, यापेक्षा आमचं बरं, कपडा धुतला की निदान पांढरा तरी दिसतो. पण दर वेळी लावली की तो बोगदा पडद्यावर परत यायचा, दिव्यांची रांग लांबवर गेलेली, आणि दर वेळी घुम्या अगदी जरासा हसायचा. अडतीस वेळा. ताईला पुढं कितीतरी दिवस तेच आठवायचं, की आपण वायरीकडे बघत होतो, याच्याकडे बघायला पाहिजे होतं. हात वायरीनं दुखत नव्हता. पण तेव्हा कुणाला माहीत?

पाचशे झाले. घुम्यानं दोनशे ओळी स्वतःच्या नावानं पाठवून दिल्या. एका बोटानं, एक कळ दाबून.

"झालं?"

"झालं."

"चल आता घरी."

दारातल्या बाईच्या समोर सोफा होता. तिथं आल्यावर म्हणाला, "ताई, जरा बसतो." बसला. ताई पाणी आणायला गेली, पाच पावलांवर पाण्याचं यंत्र, पेला भरून वळली तर हा तसाच बसलेला, डोळे उघडे, आणि आत कुणी नाही. तिनं हाका मारल्या. उंचाडीनं छाती दाबली. गाडी आली, डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली. जातानासुद्धा आवाज केला नाही गाढवानं.

मग घर भरलं. नातेवाईक आले, ते कसले, सांगायला नको. एक चुलतभाऊ म्हणाला, कॉम्प्युटरच्या किरणांनी होतं असं. एक मावशी म्हणाली, लग्न केलं असतं तर वाचला असता. ताई म्हणाली, "तुमचे यजमान लग्न करून गेलेच की." त्यानंतर मावशी लवकर उठली.

चौथ्या दिवशी कॉलरसाहेब आला. गुच्छ घेऊन, त्यावर अजून दुकानाची चिठ्ठी. ताईच्या समोर बसला, डोकं खाली घातलं.

"तो आमच्या कुटुंबातलाच होता."

"हो का? मग त्याला जेवणात काय आवडायचं?"

साहेब म्हणाला, "साधा माणूस होता. काहीही चालायचं."

"वांगं चालायचं नाही. अंगावर पुरळ यायचं. कुटुंबाला माहीत असतं."

दाजींनी खोकून विषय बदलला. पण साहेबाचं काम राहिलं होतं. त्यानं खिशातून कागद काढला. म्हणाला, त्याचं शेवटचं काम आम्हाला त्याच्या नावानं जगासमोर ठेवायचंय. श्रद्धांजली म्हणून. छोटंसं काम आहे, चार ओळींचं. तुमची हरकत नाही असं फक्त लिहून पाहिजे.

ताईला वाचता येतं, पण हळू. तिनं कागद घेतला आणि म्हणाली, उद्या सांगते. साहेब म्हणाला, सोमवारच्या आत बरं पडेल. भावाला जाऊन चार दिवस झालेत आणि याला सोमवारची घाई.

संध्याकाळी उंचाडी आली. ताईनं कागद तिच्यापुढं टाकला. पोरगी वाचून लालच झाली.

"चार ओळी त्यांच्या नाहीत. साहेबांच्या आहेत. मी ऑफिसात म्हटलं की गेलेल्या माणसाचं नाव आपण लिहू शकत नाही, तर म्हणाले घरच्यांची परवानगी आणतो."

"आणि घुम्यानं पाठवलेलं त्याचं काय?"

"त्यावर राखणदारांनी अकरा प्रश्न विचारलेत. उत्तर द्यायला तेच नाहीत. कुणी उत्तर दिलं नाही तर ते तसंच पडून राहील. साहेबांना तेच पाहिजे."

"तुला येतात का उत्तरं?"

मुलगी बोटांवर मोजत बसली. ही पण तसलीच, ताईला वाटलं, एकाच माळेचा मणी.

"सात येतात," ती म्हणाली. "चार शोधावी लागतील. पण साहेब मला ते काम देणार नाहीत."

"ते उघड्यावर आहे ना? कुणीही वाचू शकतं म्हणतेस ना?"

"हो."

"मग कुणीही उत्तर देऊ शकतं. त्याला विचारायला जाऊ नकोस. घुम्यानं विचारलं होतं?"

दुसऱ्या दिवशी साहेब दुकानातच आला. गर्दीची वेळ, काउंटरवर पाच माणसं, वाफ भरलेली. त्याला वाटलं असेल, बायकांचं काय, गर्दीत पटकन सही करतात.

ताईनं कागद काउंटरवर ठेवला. "साहेब, एक विचारू? या चार ओळी कुणी लिहिल्या?"

"टीमनं लिहिल्यात. त्याच्याच कल्पना आहेत. मला तोंडी बोलला होता."

"तोंडी?" दाजी इस्त्री उचलून म्हणाले. "घुम्या? तोंडी?"

रांगेतला एक जण हसला. त्याला काय कळलं देव जाणे, पण दाजींचं तोंड बघूनच हसला असेल.

"त्याचा मोठा बदल नीट तपासलेला नाही," साहेब आवाज खाली आणून म्हणाला. "उद्या काही झालं तर त्याचंच नाव खराब होईल. तुमच्या भावाच्या नावाची काळजी मला आहे, ताई."

"ताई कुणाला म्हणता? आणि तपासला नाही कसा? पाचशे वेळा तपासलाय. शेवटचे अडतीस मी काढलेत, या हातानं. तुम्ही आला होता की तेव्हा. स्टुलाशेजारी उभी होते मी, गोळ्या घेऊन."

साहेबानं तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. दहा वर्षं शर्ट देत होता.

"अडतीसच्या अडतीस वेळा बोगदा परत आला," ताई म्हणाली. "आता तुमच्या चार ओळी. चांगल्या आहेत ना?"

"उत्तम आहेत."

"मग तुमचं नाव घाला."

"तसं नसतं ते."

"कसं असतं?"

साहेबाच्या मागं माणसं, पुढं वाफ. आणि मग त्याच्या तोंडून आयुष्यात बहुतेक एकदाच खरं निघून गेलं. "माझं नाव तिथं चालत नाही."

 दाजींच्या इस्त्रीखालून जरासा वास येऊ लागला.

"चालत नाही म्हणून मेलेल्याचं पाहिजे?" ताई म्हणाली. "जिवंत होता तेव्हा त्याचं काम दिसत नव्हतं, आणि आता नाव दिसतंय होय? अहो, नऊ वर्षं तो एका चुकीखाली स्वतःचं नाव ठेवून बसला होता, मिटवलं नाही की दुसऱ्यावर ढकललं नाही. महिनाभर घास गिळला नाही त्यानं. आणि तुम्ही? तुम्हाला एक चूक करायचीय ती पण स्वतःच्या नावानं करवत नाही. चूकसुद्धा उधार!"

"तुम्ही भावनेच्या भरात—"

"नाही हो. भरात असते तर इस्त्री फेकली असती." तिनं कागदाची घडी घातली, एक, दोन, तीन, नीट काटकोनात, हात सवयीनं घडी घालतातच, आणि त्याच्या हातात दिली. "हरकत आहे. आणि तुमचे शर्ट आजपासून दुसरीकडे द्या. आतली कॉलर निघत नाही आमच्याच्यानं."

गेला. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत गेला. सोमवारी माल गेला नाही. आणि साहेबाला काही झालं नाही, अशांना होत नसतं. त्याला म्हणे दुसरा विभाग दिला, मोठा.

उंचाडीनं अकरा प्रश्नांची उत्तरं दिली. दिवसा ऑफिस, जेवणाच्या सुट्टीत उत्तरं. दोन चुकली, राखणदारांनी झापलं, तिनं परत लिहिली. एकानं विचारलं, मूळ लिहिणारा का बोलत नाही? तेव्हा तिला लिहावं लागलं, आणि ते लिहायला तिला अख्खी दुपार लागली.

पाचव्या आठवड्यात ती दुकानात आली. ताई चादरींवर पाणी मारत होती.

"घेतलं त्यांनी," मुलगी म्हणाली.

"काय घेतलं?"

"सरांचा बदल. कर्नलमध्ये गेला. दोनशेतल्या एकशे नव्वद ओळी जशाच्या तशा." तिनं मोबाईल पुढं केला. काळी बारीक इंग्रजी अक्षरं, मुंग्यांसारखी. "हे बघा, खाली. ही ओळ."

"यात नाव कुठंय?"

मुलीनं बोट ठेवलं. ताई वाकली. वाफेनं काच धुरकट झालेली, नीट दिसेना.

"तू लिहिलंस का हे?"

"नाही. त्यांनीच लिहिलेलं. त्या दिवशी. माझं त्याच्या खाली आहे."

"मग ठीक." ताईनं हातातलं फडकं घेतलं आणि नावावरची वाफ पुसली, तशी ती अक्षरं सरसर वर पळाली आणि भलतंच काहीतरी खाली आलं, आकडे आणि कंस.

"अहो थांबा, मी परत आणते—"

"राहू दे," ताई म्हणाली. "कसलं मेलं हे काम. पुसायला गेलं की पळतंय." मग फडकं खांद्यावर टाकलं, मुलीला स्टूल ओढून दिलं, आणि म्हणाली, "बस. आण परत."